कळंकातला टाका

दातांच्या डॉक्टरांनी आयुष्यात इतके दात उपटले होते की त्यांतून चंद्रालाही कवळी बसली असती. असं ते स्वतःच सांगत, आणि ऐकणारा हसला की आकडा वाढवत. निवृत्तीनंतर हातांना चैन पडेना, म्हणून त्यांनी जुन्या रोमन नाण्यांकडे मोर्चा वळवला. मातीत पडून कळंकाने, म्हणजे हिरव्या गंजाने, माखलेली काशाची नाणी किलोवर आणायची, महिनोन्‌महिने शुद्ध पाण्यात भिजवायची आणि भिंगाखाली दात कोरायच्या हत्यारांनी कणाकणाने साफ करायची. नाव वाचता आलं की सम्राट ओळखायचा आणि ट्रेमधल्या त्याच्या खणात त्याला बसवायचं.

एकच खण रिकामा होता. जेमतेम चार महिने गादीवर टिकलेल्या एका सम्राटाचा. बारा वर्षं तो खण डॉक्टरांना वाकुल्या दाखवत होता. आणि आज सकाळी एका नाण्यावर, मुकुटाच्या टोकांशेजारी, त्याच्या नावाची पहिली तीन अक्षरं उजाडली. पण तीच तीन अक्षरं पोत्याने मिळणाऱ्या दुसऱ्या एका सम्राटाचीही होती. खरंखोटं करायचं तर उरलेलं नाव उघडायला हवं, आणि त्यावर कळंक बसलेला.

डॉक्टरांनी हत्यार उचललं, पण लगेच टेकवलं नाही. मागे एकदा घाईत लिंबू चोळून त्यांनी नाण्यावरच्या एका राणीचं नाक घालवलं होतं. त्यांनी थोरल्या बहिणीला हाक मारली. अक्काने चाळीस वर्षं रफूचं दुकान चालवलेलं. तिचा रफू शोधता शोधता लोकांच्या चष्म्याचा नंबर वाढे, असा तिचा लौकिक.

"अक्का, जरा दिवा धर. हलू नकोस."

"का? भुलीचं इंजेक्शन दिलं नाहीस वाटतं त्याला?"

"धर गं."

तिने दिवा तिरका धरला, भिंगात डोकावून पाहिलं आणि डॉक्टरांचं मनगटच पकडलं.

"थांब, बाळ्या. ही घाण नाही. कापड आहे."

"सतराशे वर्षं? तुझ्या दुकानातलं तर दोन धुण्यांत विरायचं."

"कापड गेलं रे. त्याचा ठसा राहिलाय कळंकात. हे उभे धागे, हे आडवे. थैली असणार."

मग अक्का वाद अर्धा सोडून भिंगावर आणखी वाकली. झोपेतही गिऱ्हाइकाशी हुज्जत घालणारी बाई ती. डॉक्टरांना जरा धास्तीच वाटली.

"इथे फाटलं होतं," ती हलकेच म्हणाली. "कुणीतरी रफू केलाय."

डॉक्टरांनी भिंगाला डोळा लावला. आतापर्यंत नुसता हिरवा खडबडीतपणा दिसत होता, तिथे आता धाग्यांवर धागे उमटले. केसाएवढे. एक खाली, एक वर.

"डावखुरी होती. टाके उलटे कललेत. आणि थैलीच्या आत कोण बघायला जातंय? तरी धागा कसा लपवलाय बघ. असं मी फक्त घरच्यांचं करायचे."

सम्राटाचं नाव नेमकं त्या रफूखाली होतं. हत्याराचं टोक आणि टाके यांत केसाचं अंतर. डॉक्टरांनी श्वास रोखला. मग हत्यार मागे घेतलं आणि पुसून डबीत ठेवून दिलं.

"आणि तुझा सम्राट?"

"चार महिन्यांचा तर पाहुणा. राहू दे झाकलेला." ते भिंगापासून हलले नाहीत. "अक्का, सुरुवात कुठून केली असेल गं तिने?"

अक्काने कॉलरला टोचलेली सुई काढली आणि जन्मात पहिल्यांदा डाव्या हातात धरली. नाण्याला न टेकवता, हवेतच, ती एकेक टाका घालत गेली. डॉक्टर मनात मोजत होते. एकोणिसाव्याला सुई थबकली.

"इथे तिचा धागा संपला," अक्का म्हणाली. "नवा ओवलाय."