टॅबिथाचं नाक आणि डॉलरची कड

एफ्रेम हॉलोवेनं नव्या डॉलरच्या नमुन्यावर स्वातंत्र्यदेवी कोरली आणि तिला नाक दिलं ते आपल्या बायकोचं, टॅबिथाचं. चांगलं ठसठशीत, टोकदार. तिला त्या नाकावरून फिलाडेल्फियातल्या अख्ख्या गल्लीनं लहानपणापासून चिडवलं होतं. आता सगळी अमेरिका ते खिशात घालून मिरवेल, ही बेट्याची हौस!

पण टांकसाळीत घात झाला. अधीक्षक थॉर्नडाइकसाहेब वीस नमुने एकावर एक रचायला बसले. नाण्यावर उंच आलेल्या त्या नाकापायी सातव्यालाच चळत डुगडुगली आणि खळ्ळकन् टेबलाखाली गेली.

"हॉलोवे, बँकवाले नाणी अशीच रचून ठेवतात, ते माझी सालटी काढतील! शुक्रवारपर्यंत हे नाक तासा. नाहीतर जुनाच डॉलर चालू ठेवतो."

तीन वर्षांची मेहनत होती हो ती! एफ्रेम तोंड पाडून घरी आला. टॅबिथा चर्चच्या जत्रेसाठी ॲपल-पाय करत होती. त्यानं चाचरत सगळं सांगितलं. वाटलं, आता ही रडणार. तर बाई पोट धरधरून हसली.

"अहो, माझ्या नाकानं डॉलर लोळवले? तेही साहेबांसमोर? परत सांगा ना!"

"हसतेस काय, टॅबी! तुझं नाक तासायचंय मला. हात धजत नाही माझा."

"मग नका तासू." तिनं ॲपल-पायच्या चार थाळ्या उचलून एकीवर एक ठेवल्या. "जत्रेत मी या अशाच नेते. आतली सफरचंदं चेपतात का कधी?"

"नाही."

"का नाही? थाळीची कड वर आहे म्हणून. तुमच्या डॉलरला धड कड नाही आणि खापर माझ्या नाकावर!"

एफ्रेम थाळ्यांकडे बघतच राहिला. मग त्यानं तिच्या पीठ लागलेल्या नाकाचा मुका घेतला आणि न जेवताच टांकसाळीकडे पळाला. तीन दिवस खपून त्यानं साच्यात नाण्याची कड उचलली, चेहऱ्याभोवतालची जागा खोल केली. नाकाला मात्र हत्यार लावलं नाही.

शुक्रवारी साहेब पुन्हा रचायला बसले. सात झाले. बारा झाले. एफ्रेमचा जीव टांगणीला लागलेला. विसावा डॉलर ठेवून साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. चळत जागची हलली नाही.

"वा रे पठ्ठ्या! ही कडेची अक्कल कुणाची?"

एफ्रेमनं वरचा डॉलर उचलून त्यांच्यासमोर धरला.

"या बाईंची, साहेब."