तेरशीचा सामना

जिल्हा फुटबॉल संघटनेच्या नव्या प्रेक्षागॅलरीला कुणाचं नाव द्यायचं, हे ठरवणाऱ्या समितीवर मला घेतलं, कारण मला फुटबॉल कळत नाही.

"मॅडम, तुम्ही कुणाच्याच बाजूच्या नाही," संघटनेचा सचिव विनीत साळवी म्हणाला. तो माझा जुना विद्यार्थी. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, आणि प्रयोगाच्या वहीत नको ते आकडे भरणाऱ्यांना मी परत पाठवायचे, एवढंच त्याच्या लक्षात राहिलं असावं.

समितीत आम्ही तिघं. विनीत, मी आणि हर्षद कीर. हर्षदचा मिरकरवाड्याजवळ बर्फाचा कारखाना आहे. तरुणपणी तो जिल्ह्याच्या संघाचा गोलकीपर होता. नियम असा, की तिघांचं एकमत झालं तरच नाव द्यायचं. नाहीतर गॅलरी बिननावाची राहणार.

नाव एकच पुढे आलं होतं. शिवा नागवेकर. वय वर्षं एक्याऐंशी. शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि सत्तावीस वर्षं जिल्ह्याच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या नावावर एकही मोठा चषक नाही. संघ एकदाच राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला, घरच्याच मैदानावर, आणि सात गोलांनी हरला.

चषक नसले तर काय मोजायचं? मी ठरवलं, आधी त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांना भेटायचं. देवरूखला एकाचं कपड्याचं दुकान आहे, त्याला भेटले. जयगडला बंदरावर क्रेन चालवणारा एक भेटला. लोट्याला कंपनीच्या बसमधून उतरलेल्या एकाला तिथेच थांब्यावर बसवून बोलतं केलं. तिघांचेही खेळाडू म्हणून मार्ग वेगळे, स्वभाव वेगळे. पण एक गोष्ट तिघांनीही हसत हसत, जवळजवळ त्याच शब्दांत सांगितली.

"पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, गाव कुठचं? म्हटलं, अमुक. मग विचारलं, शिमगा तेरसे की भद्रे?"

"म्हणजे पायात बूट आहेत का, कुठल्या जागेवर खेळतोस, हे नाही विचारलं?"

"ते नंतर. आधी शिमगा." लोट्याचा गृहस्थ म्हणाला, "आम्हाला वाटायचं, म्हातारा देवभोळा आहे."

आमच्या जिल्ह्यात शिमगा एका दिवशी होत नाही. काही गावांत होळी फाल्गुनातल्या त्रयोदशीला उभी राहते, तो तेरसे शिमगा. काही गावांत पौर्णिमेला, तो भद्रेचा. माझं माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला, तेरशीचं. लहानपणी मला वाटायचं, जगाची होळी तेरशीलाच असते. कॉलेजला रत्नागिरीत आल्यावर पहिल्या वर्षी मैत्रिणींनी मला त्यावरून पुष्कळ चिडवलं.

आणखी एक गोष्ट या भेटींतून दिसली. नागवेकर येण्यापूर्वी जिल्ह्याच्या संघात शहरातली आणि किनाऱ्यावरचीच मुलं असत. सड्यावरच्या, डोंगराकडच्या गावांतलं कुणी नसे. नागवेकर एसटीने त्या गावांत जात, शाळेच्या अंगणात मुलांना खेळताना बघत बसत आणि एखाद्याच्या बापाला गाठत. त्यांच्या शेवटच्या दहा वर्षांत निम्मा संघ तिकडचा असे. आज तिथल्या तीन गावांत स्वतःची मैदानं आहेत. हा बदल माणसामुळे झाला की काळामुळे, हे तपासायला मी शेजारच्या तालुक्यांकडेही पाहिलं. तिथे काळ तोच होता, मैदानं नव्हती.

एवढं पुरेसं आहे, असं माझं मत झालं होतं. बैठक हर्षदच्या कारखान्यातल्या खोलीत झाली. बाहेर बर्फ फोडायचं यंत्र धडधडत होतं.

"माझी सही मिळणार नाही," हर्षद खुर्चीत बसता बसता म्हणाला.

"अरे, आधी मॅडमचं ऐक तरी," विनीत म्हणाला.

"ऐकतो की. चहा घ्या मॅडम. पण सही नाही." मग तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला त्या फायनलचं कुणी सांगितलं?"

"सात गोल झाले, एवढं."

"ते मला झाले. गोलात मी होतो. पंधरा जणांच्या संघातले नऊच खेळलो आम्ही, कोल्हापूरच्या अकराविरुद्ध. बाकीचे सहा कुठे होते विचारा. सकाळी पिशव्या घेऊन गावी गेले. सरांनी सोडलं! म्हणे शिमगा. शिमगा दोन दिवसांवर होता हो. दोन दिवस! पोरांनी थाप मारली आणि हे म्हणाले, जा बाळांनो."

"आणि मुंबईहून तो माणूस आलेला," विनीत हळूच म्हणाला. ही कथा त्याने आधी ऐकली असावी.

"आलेला. एका कंपनीच्या संघाला गोलकीपर हवा होता. नोकरी होती त्यात. मला बघायलाच आलेला तो. सात गोल बघून गेला." हर्षदने कप खाली ठेवला. "आज माझं काही अडत नाही. पण ज्यांनी आपला संघ आपल्या हाताने मोडला, त्यांचं नाव मी दगडावर घालायचं? पस्तीस वर्षं मी त्यांच्याशी बोललेलो नाही. भाट्याच्या पुलावर दिसले तर मान वळवतो."

मी विचारलं, "गेलेली सहा मुलं कुठली?"

"वरची. देवरूखकडची, साखरप्याकडची."

"मग ती थाप नव्हती," मी म्हणाले. "आमच्याकडे होळी तेरशीला असते. दोन दिवस आधी."

हर्षदने खुर्ची माझ्याकडे वळवली. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे माहीत नसणं शक्य आहे. ऐकून माहीत असेल, पण स्वतःच्या पस्तीस वर्षांच्या रागाशी त्याने ते कधी जोडून पाहिलं नसेल.

"असेल," तो म्हणाला. "पण मग सामना त्याच दिवशी कुणी ठेवला? यजमान आपण होतो. तारीख आपण दिलेली. त्या गाढवाला आधी शोधा."

दुसऱ्या दिवशी मी भाट्याला गेले. नागवेकर पडवीत बसून माडाच्या हिरांचा खराटा बांधत होते. त्यांच्या पत्नी मालनताईंनी कोकम सरबत आणून ठेवलं आणि उंबऱ्यावरच बसल्या. मी कशासाठी आले ते सांगितलं आणि सरळ विचारलं, "ती तारीख कुणी दिली?"

त्यांचे हात थांबले.

"मीच गो बाय."

"तुम्ही?"

"संघटनेने विचारलं, शनिवार घालू की पुढचा आठवडा? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात शिमगा आहे, पोरं राहायची नाहीत, त्याच्या आधीच उरका. मी शहाणपणा केला तो! आमचा शिमगा पुनवेचा. माझ्या डोक्यात तेवढाच." त्यांनी हिरांची जुडी मांडीवर आपटून सारखी केली. "तीन वर्षं ती पोरं माझ्याकडे होती. सरावाला आली की इथे जेवायची. आणि त्यांचा शिमगा कधी, हे मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नाही."

"त्यांनी सांगितलं नाही?"

"त्यांना वाटलं, सरांना माहीत आहे आणि तरी ठेवलाय. घाबरली. शेवटी सकाळी आली माझ्यासमोर. त्यातल्या एकाचा बाप आदल्या पावसात गेलेला. होळीच्या झाडावर पहिला घाव घालायचा मान त्यांच्या घराकडे, आणि आता तो घालणार हे पोर. तो म्हणाला, सर, तुम्ही सांगाल तर थांबतो." त्यांनी एक हीर जुडीत खोचला. "थांबला असता तो. सगळे थांबले असते. म्हणून नाही सांगितलं."

"सामना पुढे ढकलता आला नसता?"

"कोल्हापूरवाले आदल्या संध्याकाळीच येऊन उतरलेले. संघटनेकडे गेलो, हात जोडले. नाय म्हणाले. त्यांचं बरोबर होतं."

"हर्षदला हे का सांगितलं नाहीत?"

या प्रश्नावर उंबऱ्यावरून मालनताईच बोलल्या. "मी सांगत होते जा म्हणून. जीभ उचलली नाय ह्यांची."

"लाज वाटली," नागवेकर म्हणाले. "सामना संपल्यावर तो हातमोजे माझ्या पायाशी टाकून गेला. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा नाय झालं, मग आठवडा गेला, मग वर्ष. मग वाटायला लागलं, आता सांगितलं तर तो म्हणेल, आता कशाला आलात." ते माझ्याकडे वळले. "नाव घालूच नका. घातलंच तर हे पण लिहा. अर्धं नको."

परत येताना पुलावर माझ्या लक्षात आलं, की मी ज्याला सगळ्यांच्या आठवणीतली गंमत समजत होते त्या पहिल्या प्रश्नाचा उगम मला आज कळला होता. त्या सामन्यानंतर आलेल्या प्रत्येक मुलाला त्यांनी आधी शिमगा विचारला होता.

हर्षदला मी फोनवर सगळं सांगितलं, काही न गाळता आणि काही न घालता.

"गाढव म्हटलं मी त्यांना," तो म्हणाला.

"त्यांना मी ते सांगितलेलं नाही."

"मॅडम, उद्या तुम्ही याल माझ्याबरोबर? एकटा गेलो तर दारातून परत फिरेन."

आम्ही गेलो तेव्हा मालनताई अंगणात सुकट वाळत घालत होत्या. हर्षदला बघून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आलास? केवढं पोट सुटलंय तुझं मेल्या. आता गोलात उभा राहिलास तर चेंडूला जागाच नाय."

"काकी, सर आहेत?"

"जाणार कुठे? बस."

नागवेकर पडवीत आले. हर्षद उठून उभा राहिला, शाळेत उभं राहावं तसा. दोघांपैकी कुणालाच सुरुवात जमेना. मी सुपाऱ्यांच्या वाळवणाकडे बघत बसले.

"तारीख माझी चुकली रे," नागवेकर म्हणाले. "तुझी नोकरी गेली त्यात. पोरांचा दोष नव्हता, तुझाही नव्हता."

"मॅडमनी सांगितलं."

"मीच सांगायला हवं होतं."

"होय," हर्षद म्हणाला. "हवं होतं." त्याने ते सौम्य केलं नाही, आणि नागवेकरांनीही मान हलवून ते घेतलं. मग हर्षदने विचारलं, "तो पोरगा... घाव घातला त्याने?"

"घातला. अजून घालतो, दरवर्षी. मला बोलावतो. मी जातो."

हर्षद खाली बसला. मग नागवेकर म्हणाले, "सातातले सहा माझे, हे कबूल. नऊ जणांत कोण अडवणार? पण तिसरा तुझा होता. पुढे निघालास आणि मधेच थांबलास."

"थांबलो? तो ऑफसाइड होता सर!"

"कसला ऑफसाइड? आपला बॅक मागे उभा होता."

"बॅक होता कुठे? तो साखरप्याला होळी नाचवत होता!"

मालनताई अंगणातून हसल्या. "झालं ह्यांचं सुरू." हर्षद पडवीच्या कट्ट्यावर सुपाऱ्या मांडून खेळाडूंच्या जागा दाखवायला लागला आणि नागवेकर त्यातली हर्षदच्या जागेची सुपारी उचलून पुन्हा पुन्हा मागे ठेवत राहिले. मला फुटबॉल कळत नाही. पण दोघंही अगदी खात्रीने बोलत होते, एवढं कळत होतं.

निघताना हर्षदने माझ्याकडून शिफारसपत्र मागून घेतलं. मी त्यात नागवेकरांनी वरच्या गावांत केलेलं काम लिहिलं होतं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अंतिम सामन्याची तारीख त्यांच्या चुकीने ठरली, हेही. त्याने ते उभ्यानेच वाचलं.

"हे दगडावर येणार?"

"नाही. दगडावर फक्त नाव. हे संघटनेच्या इतिहासात जाईल."

"मग आणखी एक ओळ घाला. यापुढे फायनलची तारीख ठरवताना सगळ्या खेळाडूंना आधी त्यांच्या गावचा शिमगा विचारावा." त्याने सही केली. मग पेन परत देता देता थांबला. "आणि तो तिसरा गोल ऑफसाइड होता."

"त्याला पुरावा?"

"मी."

"पुरेसा नाही," मी म्हणाले आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. पडवीतून नागवेकरांनी हाक मारली, "हर्षद, ही तुझी सुपारी अजून पुढेच आहे बघ." तो चपला काढून पुन्हा वर गेला.