ओढ्याकाठचं ‘वा’

“काय खातेस ग, सुंदरी?”

“काय इल्लै पाट्टी, पळम्!” सहा वर्षांच्या सुंदरीने आजीला जांभळी जीभ बाहेर काढून दाखवली. तमिळमध्ये ‘काय’ म्हणजे कच्चं फळ, ‘पळम्’ म्हणजे पिकलेलं, आणि तिचं जांभूळ तर चांगलं पिकलेलं होतं! कृष्णवेणी हसून हसून बेजार झाली. किती महिन्यांनी हसली बिचारी.

कुंभकोणमच्या त्या गल्लीत मराठी बोलणारी ती एकटीच उरली होती. थोरला भाऊ व्यासराज माघात गेला, तेव्हापासून तिचं मराठी ऐकायला घरात भिंतीच. भावाचा मुलगा राजगोपाल मद्रासला नोकरीत. बायको बाळंतपणाला टेकलेली, म्हणून लेक सुंदरीला वर्षभर आत्याकडे ठेवावं असं त्याच्या मनात होतं. “रुळते का पाहतों, मग ठरवूं,” म्हणाला होता. आत्या हरखून गेली होती नुसती.

कावेरीत अजून पाणी सुटलं नव्हतं, पण गावाबाहेरचा हा ओढा कधीच आटत नसे. कृष्णवेणीने पोरीला पाण्यावर नाचणाऱ्या पाणनिवळ्या दाखवल्या, खेकड्याचं बीळ दाखवलं, केवड्याच्या मुळांत दडलेला मरळ मासा दाखवला.

“म्हण, पाणनिवळी.”

“पाणनिवळी.”

“हें बघ, राजा! आली की नाहीं मराठी?”

काठावर बसलेला राजगोपाल हसला. त्यालाही बरं वाटलं असावं.

मग केवड्याचं कणीस काढायला कृष्णवेणी ताडाच्या ओंडक्यावरून पलीकडे गेली. तेवढ्यात निळाशार खंड्या पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला. म्हातारीला राहवेना.

“वा! वा!”

सुंदरीने ऐकलं. तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. शहाणी पोर ती. आजी बोलावते म्हणून सरळ पाण्यात उतरली. दुसऱ्याच पावलाला गटांगळी खाल्ली.

राजगोपालने उडी घालून तिला बाहेर काढलं. पोर खोकत होती, थरथरत होती.

“तिला पाण्यांत बोलावलंत, आत्या?”

“बोलाविलें नाहीं रे! खंड्या पाहिला, म्हणून वा म्हटलें...”

“तिला काय ठाऊक? घरीं आम्ही तमिळच बोलतों.”

“म्हणूनच तर म्हणत्यें, राहूं दे. पोरीस मराठी कोण शिकवील मग?”

“वेण्डाम्, आत्या,” तो मुलीचं डोकं पुसत म्हणाला. नको. तेही तमिळमध्येच. त्याची तरी काय चूक?

दुसऱ्या दिवशी बाप-लेक गाडीत बसून गेले. संध्याकाळी शेजारच्या कामाक्षीने कुंपणावरून हाक दिली, “साप्पिट्टाच्चा?” जेवण झालं का?

“आच्चु, आच्चु,” झालं म्हणून कृष्णवेणीने सांगितलं आणि दार लावून घेतलं. घर खायला उठलं होतं. जरा वेळ ती स्वयंपाकघरात उभी राहिली.

“कृष्णवेणी, जेवलीस का ग?” तिने मोठ्याने विचारलं.

“जेवल्यें हो,” तिनेच सांगितलं, आणि तसाच राहिलेल्या भातात पाणी ओतून ठेवलं.