टीव्हीवरचा आकडा

दादासाहेबांनी फोनवर सांगितलेला मालिकेचा भाग जयंतीने पाहिलेलाच नव्हता, आणि तिचा तर एकही भाग चुकलेला नव्हता.

दादासाहेब तिचे थोरले भाऊ. कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. वहिनी गेल्यापासून ते तिथल्या घरात एकटेच राहत होते. जयंती कॅनडात, हॅलिफॅक्सच्या खाडीपलीकडे, डार्टमथला एका कॉन्डोत राहत होती. इथल्या शाळेत गणित शिकवून ती निवृत्त झाली होती, आणि आता रविवारी सकाळी वाचनालयाच्या एका खोलीत लहान मुलांना मराठी शिकवायची. वर्ग संपवून फेरीबोटीने घरी आली की ती दादाला फोन लावी. मग बराच वेळ दोघांची मालिकेवर चर्चा चाले.

मालिका पाहायची ही सोय पृथ्वीराजने, म्हणजे दादासाहेबांच्या मुलाने, पुण्यात बसून करून दिली होती. आधी ती मालिका दाखवणारी वाहिनी फक्त भारतात, तीही मोबाइलवर दिसायची. मग टीव्हीवर आली, आणि गेल्या वर्षी कॅनडातही पोचली. पण इथल्या वर्गणीत हिंदी सिनेमे आणि क्रिकेटच होते, मराठी मालिका नव्हत्या. म्हणून पृथ्वीराजने वडिलांचंच खातं आत्याच्या टॅबलेटवर उघडून दिलं. एका खात्यावर दोन पडदे चालत. एक कराडला, एक डार्टमथला.

त्या रविवारी दादासाहेब सांगत होते, “रेणुका घर सोडून गेली. सकाळच्या विट्याच्या एसटीनं. गाडीला ही गर्दी. कंडक्टर भला माणूस, त्यानं स्वतःच्या सीटवर बसवलं तिला.”

जयंतीने पाहिलेल्या भागात रेणुका चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्यात उभी होती, आणि कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावरून दोनदोनदा फिरत होता. त्या मालिकेत कोणी कधी एसटीत बसलं नव्हतं. सगळे मोठाल्या गाड्यांतून हिंडत.

“दादा, डुलकी लागली असेल तुला,” ती हसत म्हणाली.

“डुलकी? डोळ्यांत तेल घालून बघतो मी.”

तिने विषय वाढवला नाही. पुढच्या रविवारी रेणुकाची सासू जिन्यावरून पडली, आणि पाटणला निघालेली गाडी वळवून तिला सिव्हिलमध्ये नेलं. वळवायचा हुकूम देणारा कंट्रोलर कसा शहाणा होता, हे दादासाहेबांनी सविस्तर सांगितलं. जयंतीला पुन्हा हसू आलं. खरं सांगायचं तर तिला ही गोष्ट खऱ्या मालिकेपेक्षा जास्त आवडली होती.

तिला उलगडा झाला तो वर्गात. मुलांसाठी ती त्याच खात्यावरून एक बाहुल्यांचा कार्यक्रम लावायची. त्यात एक आगाऊ कावळा होता आणि तो दर वेळी एक नवं अक्षर पळवून न्यायचा. मुलांना तो फार प्रिय. मागच्या वेळी कावळ्याने काय केलं, असं तिने विचारलं तेव्हा आरव हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, कावळा मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या पाठीवर बसून टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानात गेला आणि त्याने सगळे डोनट खाल्ले.

“तू मागच्या वेळी आला नव्हतास ना रे?” जयंतीने विचारलं.

“हाउ डू यू नो, आजी?”

“तू सांगितलंस ते खऱ्यापेक्षा फार छान होतं, म्हणून.”

मुलं हसली. केया म्हणाली, “ही मेड इट अप!” आणि आरव लाजून खाली बसला. जयंतीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात तसाच राहिला. ज्याने भाग पाहिलेला नसतो तोच असा भाग रचतो. आरवने पाहिला नव्हता. दादानेही पाहिला नव्हता.

मग तिला तो दिवस आठवला. वाचनालयाने खोलीत मोठा टीव्ही बसवला तो दिवस. टॅबलेटभोवती दाटीवाटी करण्यापेक्षा मुलांना मोठ्या पडद्यावर कावळा दिसावा म्हणून तिने टीव्हीवर ते खातं उघडलं. पडद्यावर सूचना आली की या खात्यावर आणखी पडदा चालणार नाही, आधीच्या पडद्यांवरून बाहेर पडायचं का? मुलं खुर्च्या बडवत होती. नील विचारत होता, “आजी, इज इट बफरिंग?” कराडचा टीव्ही तिच्या मनात आला होता. नव्हता आला असं नाही. दादा पुन्हा सुरू करील, असं म्हणून तिने ‘हो’ दाबलं होतं. घरी येऊन तिने स्वतःचा टॅबलेट पुन्हा जोडून घेतला आणि ती गोष्ट विसरून गेली.

आरवने गोष्ट रचली त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने वाचनालयाच्या टीव्हीवरून खातं काढून टाकलं. आता कराडचा टीव्ही आपोआप लागेल अशी तिची समजूत होती. पण घरी येऊन वाहिनीचं मदतीचं पान वाचलं तेव्हा कळलं की तसं होत नाही. बंद झालेल्या टीव्हीवर एक आकडा दिसतो. तो आकडा जोडलेल्या टॅबलेटवर घातला की टीव्ही सुरू होतो. म्हणजे दादाने फक्त आकडा वाचून दाखवायचा होता. कुणाला काही सांगायची गरज नव्हती, आणि याचं तिला फार हायसं वाटलं.

“दादा,” फोनवर ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, “तुझ्या टीव्हीवर एखादा आकडा वगैरे दिसतो का रे?”

“कसला आकडा?”

“असाच. मोठ्या अक्षरांत.”

“छे. मालिका दिसते की झकास. तुला आजचं सांगायचं राहिलंच,” असं म्हणून त्यांनी रेणुकाला विट्याच्या स्टँडवर उतरवलं.

जयंती ऐकत राहिली. आता तिला हसू येत नव्हतं. दादा खोटं का बोलतो हे तिला कळत होतं. पृथ्वीराजने रिमोटच्या दोन बटणांखेरीज बाकी सगळ्यांवर चिकटपट्टी लावून दिली होती आणि बजावलं होतं, बाबा, दुसरं काही दाबू नका. आपल्या हातून काहीतरी दाबलं गेलं, असं दादाने धरलं असणार. आणि मुलाला ते कळलं तर तो म्हणणार, बाबा, तुम्हाला आता एकट्याला झेपत नाही, पुण्याला चला. गेल्या दिवाळीपासून त्या घरात हाच एक वाद होता. दादाला स्टँडच्या आवाजापासून लांब जायचं नव्हतं.

तिने तिथेच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ती मनाशी म्हणाली, पुढच्या रविवारी सांगू. आणि त्या रविवारी दादाला सर्दी झाली होती, म्हणून पुन्हा राहिलं.

मग पृथ्वीराजचा फोन आला. ती ग्रोसरीच्या पिशव्या पायाशी ठेवून फेरीत बसली होती. खाडीवर बारीक बर्फ पडत होतं आणि काचा आतून धुरकट झाल्या होत्या.

पृथ्वीराज आधी इकडचं तिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला. बाबांचं लक्षण ठीक दिसत नाही. उत्कर्षा, त्याची बायको, तीच मालिका पाहते. बाबा तिला फोनवर भलतंच काहीतरी सांगतात. कोण एसटीने गेलं, कुठली गाडी कुठे वळवली. न घडलेलं घडलं म्हणून सांगतात, आणि अगदी खात्रीने. त्याने डॉक्टरांची वेळ घेतली होती, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी. तपासणीत काही निघो न निघो, पाडव्यानंतर तो त्यांना पुण्याला नेणार होता आणि कराडचं घर बंद करणार होता.

“आत्या, तू दर आठवड्याला बोलतेस. तुला काय वाटतं?”

समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलाची टोपी नीट करत होती. जयंती तिकडे बघत राहिली.

“वय झालंय रे त्याचं,” ती म्हणाली.

“तेच ना,” पृथ्वीराज म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. “तूही म्हणतेस म्हटल्यावर प्रश्नच मिटला.”

फेरी धक्क्याला लागली. लोक उतरले. ती पिशव्या उचलून सगळ्यांच्या मागून उतरली. वर्गात एखादं मूल चूक लपवायला लागलं की ती त्याच्या शेजारी बसून म्हणायची, सांगून टाक, मी रागावणार नाही, मला फक्त कुठे चुकलं ते बघायचं आहे. मुलं सांगत. किती सोपं वाटायचं ते, शेजारी बसणाऱ्याला.

घरी येऊन तिने कोटही काढला नाही. रविवार नव्हता, म्हणून दादासाहेब फोन उचलतानाच घाबरले.

“काय ग जया, बरी आहेस ना?”

“दादा, तुझ्या टीव्हीवर मालिका दिसत नाही.”

ते म्हणाले, “कोण म्हणालं?”

“मीच बंद केली. इथं मुलांना मोठ्या टीव्हीवर दाखवायचं होतं. त्यात तुझा टीव्ही बाहेर पडणार हे मला दिसत होतं, तरी मी दाबलं. तुझ्या हातून काही झालेलं नाही.”

“म्हणजे मी रिमोटला हात लावला नव्हता?”

“नाही.”

“परत सांग.”

“तू काही दाबलं नव्हतंस, दादा. मी दाबलं.”

त्यांनी श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. “मला तसंच आठवत होतं,” ते हळू म्हणाले. “नव्हताच लावला हात. पण मग बंद कसा पडेल, म्हणून वाटायचं की लावला असणार, आपल्यालाच आठवत नाही. मग गॅस बंद केला का ते उठून बघायला लागलो. कडी लावली का. अंथरुणात पडायचं आणि परत उठायचं. म्हटलं, झालं सुरू आपलं.”

जयंती भिंतीला टेकून खाली बसली. टीव्हीचा तिने मनात किती हिशेब करून पाहिला होता. हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

“तुला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“आकड्याचं विचारलं ना, त्याच दिवशी.”

“आणि विट्याचं ऐकून घेतलंस माझ्याकडून.”

“हो.”

“मी येड्यासारखा सांगतोय, आणि तू ऐकतेयस.”

बोलण्यासारखं तिच्याकडे एकच उरलं होतं आणि तेही सांगायलाच हवं होतं. “आज पृथ्वीचा फोन आला होता. तुझ्याबद्दल विचारत होता. मी म्हणाले, वय झालंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“डॉक्टरची वेळ घेतलीय त्यानं,” दादासाहेब म्हणाले. “मी तयार झालो होतो. कपडेसुद्धा काढून ठेवले इस्त्रीचे.”

“दादा, तू आकडा वाच. टीव्हीवर असेल बघ. मी इथे घालते, आत्ता मालिका लागेल.”

“आहे की आकडा. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसतो मी. घटकेघटकेला बदलतो. राहू दे तो. थांब जरा, ठेवू नकोस.”

फोनवर बारीक टूं टूं ऐकू आली, मग घंटी, मग पृथ्वीराजचा दचकलेला आवाज. “बाबा? तुम्ही लावलात? कॉल जोडलात तुम्ही?”

“हो. आत्या लाइनवर आहे. तिला तुला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस.”

“आत्या?”

“पृथ्वी, आज मी तुला जे म्हणाले ते खोटं होतं,” ती म्हणाली, आणि टीव्ही, कावळा, बटण असं भराभर सांगून टाकू लागली.

“असं नको,” दादासाहेबांनी तिला अडवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. “पहिल्यापासून सांग. सावकाश. त्याला नीट कळू दे.”

तिने कोटाची बटणं सोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.