हाताला लागणारा लाल

“आधी कोरडा तळहात, मग फडकं. आणि लाल फुलावर फडकं घासायचं नाही, नुसतं टेकवायचं. तो रंग उभा असतो गं, निजलेला नसतो.”

सासूबाईंना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. तरी दर सोमवारी मशिदीच्या वरच्या सज्जात, बायकांच्या जागेत, भिंतीसमोर उभं राहिलं की मुझय्यनला हे ऐकू येई आणि हात आपोआप चालू लागे. निळी पानं गुळगुळीत, हिरवे देठ गुळगुळीत, मग ट्यूलिपची पाकळी, बोटाखाली मसुरीच्या सालाएवढा उंचवटा. इझनिक गावच्या भट्टीतून साडेचारशे वर्षांपूर्वी निघालेला तो लाल भिंतीतल्या प्रत्येक फरशीवर असाच हाताला लागे. तिच्या ओठांत जप चालू होता. कोपऱ्यापासूनच्या तिसऱ्या फरशीवर हात आला आणि जप थांबला.

पाकळी सपाट होती.

तिने डोळे मिटून पुन्हा हात फिरवला. मग चष्मा लावून वाकली. तेच ट्यूलिप, तीच चार पानं. कडेला नख लावलं तर पांढरा, ताजा गिलावा नखात आला. मग तिला पानांच्या शिरा दिसल्या. प्रत्येक रेघ उजवीकडे जाड, आणि डावीकडे जाता जाता केसासारखी बारीक झालेली. ती गालिच्यावर खाली बसली.

उजव्या हाताचा माणूस रेघ डावीकडून ओढतो. तिच्या ओळखीत डावखुरा चित्रकार एकच होता. तो सात वर्षांचा असताना जेवताना त्याचा डावा हात तिनेच ओढणीने खुर्चीला बांधला होता. घास उजव्या हातात आला, कुंचला मात्र डाव्यातच राहिला. वेदात, तिचा एकुलता एक. आता छत्तिशीचा, खालच्या गल्लीतल्या कारखान्यात पर्यटकांसाठी ताटल्या रंगवणारा.

“मुझय्यनताई! भिंत पुसताय की भिंतीशी गप्पा मारताय?”

मशिदीत बांग देणारे मुअज्जिन रिफत एफेंदी गुडघा धरून जिना चढत होते. ती घाईने उठली आणि त्या फरशीला पाठ लावून उभी राहिली.

“गुरुवारी सकाळी वक्फचे साहेब येणार,” ते धापा टाकत म्हणाले. “एकेका फरशीचा फोटो काढून जुन्या फोटोशी ताडून बघणार म्हणे. माझा जुना फोटो माझ्याशी ताडला, तर मलाच नकली म्हणून बाहेर काढतील.”

तिला हसू आणता आलं नाही. तेही गंभीर झाले.

“खरं सांगू? मला साहेब लोकांची भीती वाटते. डोळ्यांत मोतीबिंदू. सज्जाच्या किल्ल्या दोनच, एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. काही विचारलं तर मी त त प प करणार आणि त्यांना वाटणार, हाच तो चोर. तुम्ही शेजारी उभ्या राहाल ना?”

“राहीन.”

“शब्द?”

“शब्द,” ती म्हणाली. पाठीला फरशी गार लागत होती.

संध्याकाळी बांगेचा आवाज आला. तो रिफत एफेंदींचाच. तिने पाणी आणि एक ऑलिव्ह घेऊन नेहमीचा सोमवारचा उपास सोडला. समोर वेदात मसुरीचं सूप पीत होता. त्याच्या मागे, दाराशेजारच्या खिळ्याला सज्जाची किल्ली लटकत होती.

“किल्ली कधी नेलीस?”

“कसली किल्ली?”

“तुझ्या रेघा मला ओळखू येत नाहीत, असं वाटलं तुला?”

तो उठला आणि बोलण्याआधी त्याने खिडकीचा पडदा ओढला. त्या पडद्याचीच तिला जास्त भीती वाटली.

“आधी नुसती नक्कल हवी म्हणाला. जुन्या वस्तूंचा दलाल आहे. मग म्हणाला, रंग जुळतो का बघू, भिंतीवरची आण. आता म्हणतो, मागे फिरलास तर तुझ्या आईचं दार मला ठाऊक आहे.”

“कुठेय ती?”

त्याने तिच्या खोलीकडे पाहिलं. “पलंगाखाली. रजयांच्या पेटीत. गुरुवारी दुपारी तो न्यायला येणार.”

चार रात्री ती त्या पेटीवर झोपली होती.

“आई, तू काही पाहिलं नाहीस. रिफतकाका म्हातारे आहेत. त्यांना कोण काय करणार? दोन प्रश्न विचारतील आणि सोडतील.”

तिच्या वाडग्यातल्या सुपावर साय धरली.

पुढचे दोन दिवस जिन्यात पाऊल वाजलं की ती गॅस बंद करून उभी राही. बुधवारी बेल वाजली. खालच्या मजल्यावरची जमिले पुदिना मागायला आली होती. मुझय्यनने दाराच्या फटीतूनच जुडी पुढे केली.

“अगं बाई, आत ये म्हणायचीही चोरी? पलंगाखाली सुलतानाचा खजिना लपवलायस की काय?”

दार लावल्यावर मुझय्यन बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी होती.

गुरुवारी पहाटे तिने दोन घास खाऊन गुरुवारचा उपास धरला, नमाज पढला आणि उजाडल्यावर पेटी ओढली. फरशी नमाजाच्या ओढणीत गुंडाळून छातीशी धरली. वळून पाहते तो खोलीच्या दारात वेदात. त्याच्या खांद्यांनी दार भरून गेलं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या मुलाची भीती वाटली.

“दे इकडे, आई.”

“रिफतभाऊंना शब्द दिलाय.”

“माझं नाव घेशील?”

“आपण होऊन घेणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

“आणि तो माणूस?”

“त्याची भीती वाटते रे. खूप वाटते.”

त्याने डावा हात पुढे केला. तिने फरशी आणखी घट्ट धरली. पण तो हात तिच्यापर्यंत आलाच नाही. वेदात वळून घराच्या दाराशी गेला आणि खाली बसला. तिथे तिचे काळे जोडे जसे काढले होते तसेच पडले होते, टोकं घराकडे. त्याने एकेक उचलला, वळवला आणि टोकं जिन्याकडे करून शेजारी शेजारी मांडले. निघणाऱ्या पाहुण्याचे जोडे असे वळवून ठेवायला तिनेच त्याला शिकवलं होतं.

त्याने मान वर केली नाही. तिने भिंतीला धरून पाय जोड्यांत सरकवले. जिन्यातला दिवा गेलेला होता. ती क्षणभर कान देऊन उभी राहिली. मग, फरशीवर दोन्ही हात ठेवून, पायरी चाचपत एकेक पायरी उतरू लागली.