ताराचंदच्या घशातलं वानर

ताराचंदच्या घशात एक वानर राहत होतं. कुहीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या त्या गावात कुणालाही विचारा. माणूस पन्नाशीला टेकलेला, फाट्यावर पानठेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं हा धंदा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेणं हा जोडधंदा. पण खरी कला वेगळीच. वाघ दिसला की वानर शेंड्यावरून खाकरल्यासारखं ओरडतं ना, खक्, खक्, खकार्र, ते ताराचंद असं काढायचा की गावातली कुत्री खाटेखाली शिरायची.

बाप गुराखी होता, त्यानं शिकवलं होतं. तेही गंमत म्हणून नाही. तो म्हणायचा, "जंगलात आपले दोन डोळे पुरत नाई, बाबू. वानराचे डोळे घे, चितळाचं नाक घे." वानर वर बसून लांबचं बघतं, खाली चितळाला वास आधी लागतो. वानर अर्धं खातं, अर्धं सांडतं, ते चितळाच्या पोटात जातं. वाघ आला की जो आधी ओळखेल तो ओरडेल, आणि दुसरा पळेल. त्यांच्या या भागीदारीत मोहफुलं वेचणाऱ्या बायका फुकटात घुसलेल्या. वानर ओरडलं की टोपल्या टाकायच्या आणि सडक गाठायची. पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलेलं.

ताराचंदनं नेमकं तिथंच बोट घातलं.

चैत्रातली सकाळ. मोहाखाली बायका वाकलेल्या, आणि हा पळसाच्या झुडपात. खक्, खक्! बायका अशा पळाल्या की एकीची चप्पल दुसरीच्या पायात. ताराचंद दुपारी ठेल्यावर हातवारे करून सगळी पळापळ दाखवत होता आणि गिऱ्हाइकं पोट धरून हसत होती. आठवड्यात त्यानं तीनदा केलं. चौथ्यांदा त्याची वहिनी कांताबाई जागची हललीच नाही. जीभ चाकूसारखी असलेली बाई. तिनं ढेकूळ उचललं, झुडपात भिरकावलं आणि ओरडली, "खर्रा थुंक, ताराचंद! मंग वरड!"

ढेकूळ बरोबर टाळक्यात बसलं. त्या दिवशी बायका हसून लोळल्या. तेव्हापासून कुठंही, कोणतंही वानर ओरडलं की आठ-नऊ बायका एका सुरात म्हणायच्या, "खर्रा थुंक, ताराचंद!" आणि वेचत राहायच्या. ताराचंदला त्याचा केवढा अभिमान. अख्ख्या जंगलातल्या वानरांचं नाव आपलं!

त्याची माय प्रयागबाईही त्याच बायकांबरोबर वेचायला जायची. तिनं एकदा म्हटलं होतं, "लेका, हे चांगलं नाई केलं तू." त्यानं मायच्याच कानाशी जाऊन खक् केलं होतं.

मग ती सकाळ आली. भरलेल्या टोपल्या आणायला ताराचंद जुनी लुना घेऊन निघाला होता. नाल्याजवळ सडकेवर गाडी उभी केली. तोंड रिकामं, अजून खर्रासुद्धा घातला नव्हता. आणि तेवढ्यात मोहाच्या बाजूनं आवाज आला.

खक्. खक्. खकार्र.

त्याच्या मागोमाग, हसत-खिदळत, "खर्रा थुंक, ताराचंद!"

ताराचंदचं तोंड मिटलेलंच होतं. हात हँडलवर होते. ते वानर पुन्हा ओरडलं. बायका पुन्हा हसल्या. लुना तिथंच आडवी झाली आणि तो पळत सुटला.

तो मोहाखाली पोचला तर हशाच पिकला.

"पाहा वं, आलाच! म्या म्हटलं ना, हाच हाय?" कांताबाई म्हणाली.

"वैनी, मी नाई वरडलो," ताराचंदला दम लागला होता. "आईची आन. मी सडकेवर होतो. निंगा इथून."

"मंग कोन वरडलं गा? तुहा भाऊ?"

"खरं वानर होतं, वैनी!"

"बरं. मंग आता काहून गप हाय थे?"

वानर गप झालं होतं खरं. ताराचंदला नेमकं तेच खटकलं. बापानं सांगितलं होतं: वानर गप झालं म्हणजे वाघ गेला असं नाही, वाघ त्याला दिसेनासा झाला. पलीकडं चार चितळं होती. शेपट्या वर, माना ताठ. एक पुढचा पाय आपटत होतं. चौघांची तोंडं रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, दाट जाळीकडं. आणि त्या जाळीच्या कडेला, सगळ्यांपासून लांब, कांताबाईची सून दामिनी खाली वाकून फुलं वेचत होती. वाकलेलं माणूस वाघाला माणूस दिसतच नाही, जनावर दिसतं.

"दामिनी, उभी राय वं!"

"पुरे ना काकाजी," ती वर न बघताच म्हणाली. "तुमचं रोजचंच हाय."

आता काय करणार? खरं बोलून झालं, शपथ घालून झाली. त्याच्या शपथेची गावात किंमत काय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! ताराचंदच्या खिशात एकच नाणं चालणारं होतं, खोडीचं; तेच त्यानं काढलं. कांताबाईची काठोकाठ भरलेली टोपली उचलली, जाळीकडं पळाला, दामिनीचीही टोपली हिसकली आणि ओरडला, "आज सगळ्याईचा मोह माहा!" आणि सडकेकडं धूम ठोकली.

"अरे भैताडा! पकडा त्याले!"

आठ बायका काठ्या घेऊन, शिव्या देत, आरडाओरडा करत त्याच्या मागं. दामिनी सगळ्यात पुढं. दोन रपाटे पाठीत बसले तेव्हा ताराचंदला आयुष्यात पहिल्यांदा मार गोड लागला. सडकेवर त्यानं टोपल्या खाली ठेवल्या, वळून मोजलं. आठ.

"माय कुठं हाय?"

प्रयागबाईचे गुडघे धरलेले. सत्तरीची बाई पोराच्या मागं काठी घेऊन कशाला धावेल?

कांताबाईनं पुढची शिवी तोंडात आणली होती, ती तिनं गिळली. ताराचंदच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तीस वर्षांत तिनं त्याला तसं पाहिलंच नव्हतं. तो परत जंगलात शिरला.

प्रयागबाई मोहाच्या खोडाला पाठ लावून, काठी आडवी धरून उभी होती. वीस पावलांवर रायमुनियाची जाळी. वारा नव्हता, तरी त्यातली एक फांदी हलत होती.

"वाकू नको," ती मान न वळवता पुटपुटली. "माह्याजवळ उभा राय. पाठ दावू नको."

तो तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. ओरडायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं. घशातून हवा आली फक्त. बापाचं वानर, ठेल्यावरचं वानर, ऐन वेळी कुठं पळालं कोण जाणे. जाळीतून एक वास आला, ओल्या पोत्यासारखा.

मग मागून गलका आला. कांताबाई पुढं, हातात पाण्याचा डबा, त्यावर दगड बडवत. बाकीच्या सात जणी कंठ फाटेस्तोवर ओरडत. जाळी एकदा खसखसली. पलीकडून चितळाची इशाऱ्याची कूक आली. मग आणखी लांबून एक. मग फारच लांबून. बऱ्याच वेळानं त्या चार चितळांनी शेपट्या खाली केल्या आणि एकानं गवताला तोंड लावलं.

तेव्हा कुठं प्रयागबाई खाली बसली.

"मले समजलं होतं," ती म्हणाली. "तू वरडतं ना, तवा चितळं चरतच राहतात. थे नाई फसत. आज थे उभी होती."

"मंग बायकाईले काहून नाई सांगितलं, माय?"

"सांगतलं. म्हने, बुढी पोराले सामील हाय."

फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळलेला होता. जाळीच्या कडेला त्या राखेत दामिनीच्या चपलेचा ठसा होता, आणि अर्धा ठसा झाकून एक पंजा उमटलेला. दामिनीनं ते पाहिलं आणि पाय चपलेतून काढून घेतला. कांताबाईनं ताराचंदला मारलं नाही, शिवीही दिली नाही. त्याला मारच बरा वाटला असता.

मोह अजून पंधरा दिवस गळणार होता. वर्षाचं तेलमीठ त्यावर, घरी बसून चालणार नव्हतं. पण आता वानर ओरडलं तर खरं कोणतं, हे ठरवायचं कसं? "मी नाई वरडत आता," असं ताराचंद म्हणाला, तर त्याच्याकडं बघायलाही कुणी तयार नव्हतं. शेवटी कांताबाईनंच तोड काढली.

दुसऱ्या दिवशी ठेला बंद. बायकांच्या मधोमध दगडावर ताराचंद बसलेला. कांताबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"भर तोंड. गिळायचं नाई, थुंकायचं नाई."

गाल फुग्यासारखे करून तो बसला. एरवी अशा ध्यानाला बघून बायका हसून मेल्या असत्या. दामिनी वेचताना दर चार फुलांमागं मान वर करून त्याचे गाल बघत होती. त्याच्या नाकातून श्वास शिट्टीसारखा येत होता.

ऊन जाळीवर आलं तेव्हा नाल्याकडच्या झाडावरून आवाज आला.

खक्. खक्.

नऊ माना एकदम वळल्या, झाडाकडं नाही, त्याच्याकडं.

गाल फुगलेलेच होते.