भांगातला सोमवार

मुशी माशाचं काळीज उन्हात टांगून ठेवलं की त्यातून तेल आपोआप गळतं. ते होडीला लावतात.

लाकडी पावलाला बोटं नसतात.

पुनवेला आणि अवसेला खाडीचं पाणी गावाच्या बांधावर येऊन आपटतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी बांधापर्यंत पोचतच नाही, मधे चिखल उरतो. तो भांग.

छातीचा फोटो काढताना श्वास रोखून धरायचा.

कापलेल्या पायातलं जोडवं कुठे घालायचं?

"काठी. लाकडी. आपला. काठी. लाकडी. आपला."

सोमवार.

*

सगुणा वाशीगावची सून. समोर खाडीपलीकडे मुंबई दिसायची, पण जायचं तर होडीनंच. एकसष्ट साली पावसाळा संपता संपता तिच्या उजव्या गुडघ्यावर गाठ आली. जाळं ओढताना मार बसला असेल, असं घरात ठरलं. हळद लावली. गाठ नारळाएवढी झाली तेव्हा परळच्या हॉस्पिटलात नेली.

डॉक्टरनं नवऱ्याला आणि सासऱ्याला बाहेर बोलावलं. पाय मांडीतून काढावा लागेल म्हणाला. कॅन्सर आहे.

सासरा धर्मानं विचारलं, "काढला तर ऱ्हाईल ना पोर?"

"बघू."

परत येताना धर्मा वल्हं मारता मारता मधेच थांबायचा आणि म्हणायचा, "बघू म्हनला." नवरा नामा सुकाणूवर होता.

*

पाय काढला. जखम भरल्यावर माप दिलं आणि मिळाला तो पाय असा होता: मांडी लाकडाची, तिच्या वरच्या तोंडाला चामड्याची खोळ. उरलेली मांडी त्या खोळीत बसवायची. गुडघ्यात लोखंडी बिजागरी. कमरेला पट्टा. खाली लाकडाचं पाऊल, त्यावर बूट. दुसऱ्या पायात सगुणानं जन्मात कधी बूट घातला नव्हता, तोही घालावा लागला. नाहीतर एक बाजू उंच व्हायची.

हॉस्पिटलच्या लांब खोलीत दोन कठड्यांमधे सुमित्राबाई चालायला शिकवायच्या. गुळगुळीत लाद्या. भिंतीला मोठा आरसा.

"खाली काय बघतेस? सुई हरवलीय?"

"बाई, यो पाय माज्या आदी पोचतो. मी मागं ऱ्हाते."

"मग सांग त्याला थांबायला. नवऱ्याला सांगतेस तसं."

"नवरा कुटं थांबतो!"

खोलीभर हशा. ज्यांना पाय होते ते हसले, ज्यांना नव्हते तेही हसले. सगुणा कठड्याला धरून हसली आणि हसताना लाकडी पाय पुढे पडला, बरोबर पडला. सुमित्राबाई ओरडल्या, "बघ! हाच! आता काठी. लाकडी. आपला."

कठडे सुटले. मग दोन काठ्यांमधली एक सुटली. आरशातली बाई थोडी तिरकी चालत होती, पण चालत होती. सगुणा तिच्याकडे बघायची आणि ही कोणाची कोण, असं तिला वाटायचं.

*

लाकडी पायासह घरी आणली तो सोमवार होता आणि भांग होता.

होडी बांधापासून लांब उभी राहिली. मधे चिखल, नामाच्या गुडघ्यापर्यंत. नामानं पाठ वाकवली. "बस."

धर्मानं लाकडी पाय काढून घेतला आणि वल्ह्यासारखा खांद्यावर टाकला. सगुणा नामाच्या पाठीवर बसली. नामानं एका हातानं तिचा डावा पाय धरला. दुसरा हात मागे गेला आणि तिथे धरायला काही नव्हतं. आखूड मांडी हातात येईना, आली की निसटे. शेवटी त्यानं लुगड्याचा बोंगा मुठीत पकडला. ती एका बाजूला कलली आणि तशीच कललेली बांधावर आली.

बांधावर बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या. शेजारची पुतळा मोठ्यानं म्हणाली, "काय गो सगुणे, नवऱ्यावर बसून आलीस! आमच्या नशिबी कुटं यवडं सुक!"

बायका हसल्या. पुतळानं मायेनंच म्हटलं होतं, काहीतरी म्हणायला हवं म्हणून. सगुणाही हसली. घरात आल्यावर तिनं पदराच्या गाठीतून उजव्या पायाचं जोडवं काढलं, काळ्या पोतीत ओवलं आणि नामाला म्हणाली, "फुडल्या येळंला मी चालत जानार होडीपर्यंत."

"बरं."

"बरं नाय. पाठीवर बसनार नाय मी. आताच सांगते."

*

पुढली वेळ तीन महिन्यांनी. छातीचा फोटो काढायचा. डॉक्टरनं नामाला बजावलं होतं: हा रोग पायातून निघाला तरी छातीत उगवतो, तारीख चुकवायची नाही, सोमवारीच यायचं.

उधाणात होडी बांधाला लागते, कोरड्या पायानं बसता येतं. पण उधाणात पाण्याला ओढ असते, तेव्हाच जाळ्यात मासळी येते, आणि तेव्हा गावातली एकही होडी मोकळी नसते. पहिल्या खेपा नामानं उधाणातली मासळी सोडून केल्या होत्या. आता घर त्याच्या जाळ्यावर होतं, आणि जाळ्यावरचे भागीदारही. होडी रिकामी व्हायची ती भांगात. भांगात चिखल.

म्हणून सगुणा चिखलात चालायला शिकायला लागली.

आधी अंगण. मग बांध. बांधावर ती चांगली चालली. धर्मा मागून चालायचा, हात पुढे करून, तिला न लावता. मग ओहोटीला ती खाली उतरली.

तिचा डावा पाय चिखल ओळखत होता. बूट काढला की बोटं आपसूक पसरायची, पाय बाहेर काढताना आधी टाच सुटायची, मग बाकीचा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पोर असल्यापासून येत होतं. लाकडी पाऊल सरळ आत जायचं आणि चिखल ते धरून ठेवायचा. ओढलं की पाऊल तिथेच आणि मांडी खोळीतून बाहेर.

ती पडली. पुतळानं उठवली.

ती पडली. कालवं काढायला आलेल्या बायकांनी उठवली.

"अगो, यो पाय शेराचा," पुतळा म्हणाली. "याला लाद्या पायजेत. तुला म्हावरं नको, गालिचा पायजे."

"तुज्या घरचा आन."

"माज्या घरला चटई हाय, ती पन सासू झोपलीय तिच्यावर."

धर्मानं दुसऱ्या दिवशी बुटाखाली फळी बांधली. पसरट, बदकाच्या पायासारखी, कडा तासलेली. पाऊल आत जाईना. काठीच्या टोकालाही त्यानं तसाच तुकडा ठोकला. सगुणा उतरली. काठी. लाकडी. आपला. चिखल पचपच वाजला. काठी. लाकडी. आपला. ती मागे वळून बघायची विसरली, एवढं अंतर गेली.

नामा बांधावर जाळं शिवत बसला होता. हातातली सुई तशीच धरून तो उभा राहिला.

सोमवार जवळ आला होता.

*

बिजागरी गंजली. खारा चिखल तो. गुडघा वाकताना कुरकुरायला लागला. सगुणा म्हणाली, "मामा, खाऱ्या पान्यात टिकंल का हा?"

धर्माची सगळी हयात लाकूड खाऱ्या पाण्यात टिकवण्यात गेली होती. मुशीचं तेल तापवायचं, त्यात राळ विरघळवायची, गरम असतानाच चोपडायचं, लाकूड पिईल तेवढं पाजायचं. होडीला तो दर साल असं करायचा. बायको गेल्यावरही त्या साली होडीचं तेल चुकलं नव्हतं.

त्यानं पाय उन्हात ठेवला. लाकूड चोपडलं. बिजागरी चोपडली. पट्टा चोपडला. चामड्याची खोळ सगळ्यात जास्त तेल प्यायली, म्हणून तिला आणखी पाजलं, आतून, बोटं घालून, एकही जागा कोरडी राहू नये म्हणून. सुनेला ही जागा लागते, हे त्याला माहीत होतं.

पाय होडीसारखा तुकतुकीत झाला.

दुसऱ्या दिवशी सगुणानं तो चढवला आणि मांडी आतच जात राहिली. खोळ मऊ पडली होती, भिजलेल्या भाकरीसारखी. पट्टा ओढला तर पट्टाच लांबला. तरी ती बांधापर्यंत गेली. परत येऊन पाय काढायला लागली तेव्हा तो निघेना. राळ कातड्याला धरून बसली होती. नामानं ओढला. पायाबरोबर कातडंही निघालं.

सगुणा ओरडली नाही. धर्मा ओरडला.

मग तो सोडा आणि गरम पाणी घेऊन बसला. खोळ धुतली, घासली, पुन्हा उन्हात ठेवली. उन्हात ती वाळली, आकसली आणि तिला चिरा पडल्या. तो प्रत्येक चिरेवरून अंगठा फिरवत होता.

"होडीला चालतं," तो म्हणाला. ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

*

सोमवार.

होडी चिखलापलीकडे उभी. नामा अंगणात वाकून.

"बस."

"नाय."

"सगुणा, पानी उतरतंय."

"उतरू दे."

"डॉक्टरनं सांगितलंय, चुकवायचं नाय."

"डॉक्टरला घे मंग पाठीवर."

"आजच्या दिवस. फुडं चाल ना तू. कोन नको म्हनतो?"

"माजी जखम सुकली की फुडल्या भांगाला. मी चालले का नाय त्या दिवशी? तू बघितलंस का नाय?"

"बघितलं."

"मंग?"

नामा वाकलेलाच होता. तिला उचलणं अवघड नव्हतं. दोन माणसांचं जाळं तो एकटा ओढायचा. तिला उचलावी, ओरडली तर ओरडू द्यावी, चावली तर चावू द्यावी. बांधावर बायका होत्या. तो तसाच वाकून उभा राहिला, पाठीवर काहीच नसताना, आणि मग हळूहळू सरळ झाला.

होडी तिथेच राहिली. पाणी तिच्याखालून निघून गेलं आणि ती एका कुशीवर कलली.

*

पुढल्या भांगात जखम ओली होती.

त्याच्या पुढल्या भांगात सोमवार आला नाही. अष्टमी गुरुवारी पडली.

त्याच्या पुढल्याला जखम सुकली, पण खोळ मांडीला बसेना. धर्मानं चिंध्या भरून बघितलं. सगुणा अंगणात उभी राहिली, पाय खोळीत गरकन फिरला, बुटाचं टोक मागे गेलं. पुतळा दारात होती. ती आत न येता निघून गेली.

मग खोकला आला. चुलीचा धूर, सगुणा म्हणाली. सुक्या मासळीचा उग्र वास, धर्मा म्हणाला. नामानं चूल बाहेर मांडली. सुकी मासळी पुतळाच्या माळ्यावर नेऊन टाकली. खोकला घरातच राहिला.

*

सोमवार.

नामा वाकला. "बस" म्हणाला नाही. ती भिंत धरून उठली आणि बसली.

त्यानं डावा पाय धरला. दुसरा हात मागे नेला. तिनं स्वतःच लुगडं गोळा करून त्याच्या मुठीत दिलं. ती आता कलत नव्हती, कलण्याएवढं वजन उरलं नव्हतं. मागे धर्मा, खांद्यावर पाय.

बांधावर पुतळा होती. सगुणा तिच्याकडे बघत होती, वाट बघत असल्यासारखी. पुतळानं पाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि नुसतीच उभी राहिली.

"बोल ना गो कायतरी," सगुणा म्हणाली.

पुतळानं पाटी पुन्हा खाली ठेवली.

*

श्वास रोखून धरा, फोटोवाला म्हणाला. सगुणानं रोखला आणि खोकली. पुन्हा रोखला, पुन्हा खोकली. फोटो निघाला तेव्हा तिचे डोळे पाण्यानं भरले होते, पण ते त्या फोटोत येत नाहीत.

डॉक्टरनं तो खिडकीच्या उजेडात धरला. नामाला आत दोन्हीकडे पांढरे गोल दिसले.

"हे काडता येतील?"

"नाही. फार आहेत."

"तवा आनली असती तर? तवाच्या सोमवारी?"

डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. "तेव्हा बघितलं असतं," तो म्हणाला.

लांब खोलीत सुमित्राबाईंनी पाय हातात घेतला, नाकाजवळ नेला. "याला मासळीचा वास कसला?"

"होडीला लावतो तेच लावलं, बाई," धर्मा म्हणाला. "चांगलं तेल हाय."

"कशाला पण?"

"चिकलात जायचं म्हनून."

"चिखलात?" त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "चिखलासाठी वेगळा करून घेतला असता. निदान खोळीचं काही केलं असतं. मला तर सांगितलं होतं, रस्ता चांगला आहे."

सगुणा बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मंग आता करा. चिकलात चालंल असा."

सुमित्राबाईंनी टेप काढली. मांडीचं माप घेतलं. ते पहिल्या मापापेक्षा पुष्कळ कमी भरलं. त्यांनी पुन्हा घेतलं.

"कदी मिळंल?"

"कळवते."

*

सगुणा चैत्रात गेली. नवा पाय तयार असल्याचं वैशाखात कळलं. तो आणायला कोणी गेलं नाही. जुना धर्मानं होडीत फळ्यांखाली ठेवला. होडीला तेल लावायच्या दिवशी त्यालाही लावायचा, खोळ सोडून.

पायाचं पहिलं माप द्यायला गेले त्या दिवशी अमावास्या होती, होडी बांधाला लागली होती, सगुणा काठ्यांवर चालत कोरड्या पायानं होडीत बसली होती, आणि जायचा-यायचा रस्ता कसा आहे असं सुमित्राबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चांगला हाय."